युद्ध संपल्यानंतरची पानं

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अॅनिमेशन मालिका संपली ती एक प्रश्न अर्धवट सोडून. शंभर वर्षांचं युद्ध थांबलेलं, फायर नेशनचा नवा राजा झुको तुरुंगात आपल्या बापासमोर उभा, आणि तो बापाला विचारतो की आई कुठे आहे. उत्तर यायच्या आत दृश्य बदलतं. १९ जुलै २००८ रोजी अमेरिकेत निकलोडियनवर हा शेवटचा भाग दाखवला गेला. त्यानंतर सुखान्त येतो. आयरोहकाकांच्या चहाच्या दुकानात सगळे मित्र जमतात, सज्जात आंग आणि कटारा एकमेकांच्या मिठीत विसावतात, गोष्ट संपते. चाहत्यांच्या डोक्यातून मात्र तो तुरुंगातला प्रश्न काही गेला नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाणी, माती, आग आणि वारा या चार तत्त्वांवर उभी असलेली चार राष्ट्रं. प्रत्येकातली काही माणसं आपापलं तत्त्व हातवाऱ्यांनी खेळवू शकतात; यालाच इथे ‘बेंडिंग’ म्हणतात. चारही तत्त्वं ज्याला वश, तो अवतार, आणि तो पुन्हा पुन्हा जन्म घेतो. या खेपेचा अवतार आंग, बारा वर्षांचा, शंभर वर्षं बर्फात गोठून पडलेला. तो जागा होतो तेव्हा फायर नेशनने त्याची सगळी जमात संपवलेली असते. मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या जोडीने २००५ ते २००८ या काळात तीन पर्वांत, ६१ भागांत ही गोष्ट सांगितली. लहान मुलांच्या वाहिनीवर त्यांनी वंशसंहार दाखवला, निर्वासितांचे लोंढे दाखवले, स्वतःच्या मुलाचा चेहरा भाजणारा बाप दाखवला. म्हणूनच ती पाहणारी मुलं मोठी झाली तरी मालिका त्यांच्यातून निघून गेली नाही.

अशी मनात घर केलेली आणि पुरी झालेली गोष्ट कागदावर पुढे न्यावी का, आणि न्यायचीच तर चाहत्यांना हवं ते द्यायचं की गोष्टीला हवं ते? २०१२ पासून ‘डार्क हॉर्स कॉमिक्स’ने काढलेली ‘अवतार’ची ग्राफिक नॉव्हेल्स आता एका फळीत मावत नाहीत, तेव्हा या प्रश्नाचा नीट आढावा घेता येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. चाहत्यांच्या मागणीला थेट उत्तर देणारं पुस्तक यात अडखळलं, आणि कुणीच न विचारलेला प्रश्न हाती घेणारं पुस्तक सगळ्यांत उजवं निघालं.

ही पुस्तकं कुणाच्या हातात पडली, हे इथे फार महत्त्वाचं आहे. २०१० साली याच मालिकेवरचा मनोज नाइट श्यामलन यांचा चित्रपट आला. चाहते त्याच्यावर रागावले ते तो फसला म्हणून, पण त्याच्या कितीतरी आधी, पात्रनिवडीमुळेही रागावले होते. आशियाई संस्कृतींवर उभ्या असलेल्या या जगातल्या आंग, कटारा आणि सोक्का या तीन नायकांच्या भूमिका गोऱ्या मुलांना दिल्या गेल्या. आक्रमक फायर नेशनच्या बाजूला देव पटेल आणि आसिफ मांडवी उभे केले गेले. दिग्दर्शक स्वतः माहेला जन्मलेला, त्यामुळे भारतीय वाचकाला हे जास्तच लागावं. या निवडीविरुद्ध बोलणाऱ्यांत जीन लुएन यांग हे कॉमिक्सकार होते. ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ या त्यांच्या पुस्तकाला प्रिंट्झ पुरस्कार मिळाला होता, आणि तो मिळवणारं ते पहिलंच ग्राफिक नॉव्हेल. चित्रपटावर बहिष्कार टाका असं सांगणारं एक कॉमिक त्यांनी काढलं. मालिका पुढे नेण्याचं काम प्रकाशकाने अखेर त्यांच्याच हाती सोपवलं. एका चाहत्याचा राग असा फळाला आलेला फार क्वचित पाहायला मिळतो. चित्रांसाठी गुरिहिरु ही दोन जपानी चित्रकर्तींची जोडी आली. मूळ जोडगोळीचा सल्ला पाठीशी होता, त्यामुळे गोष्ट अधिकृत मानली गेली. प्रत्येक कथा तीन भागांची, प्रत्येक भाग पाऊणशे-ऐंशी पानांचा, आणि दोन भागांमध्ये चार-चार महिन्यांची वाट.

‘द प्रॉमिस’ हे पहिलं त्रिखंड २०१२ मध्ये आलं. चाहत्यांना आई हवी होती, यांग यांनी हातात वसाहती ठेवल्या. युद्ध संपलं, आता अर्थ किंगडमच्या जमिनीवर शंभर वर्षं वसलेल्या फायर नेशनच्या गावांचं काय करायचं? आंग, झुको आणि अर्थ किंगडमचा राजा क्वे मिळून ठरवतात की सगळ्यांना आपापल्या मुलखात परत पाठवायचं, म्हणजे जग पुन्हा पहिल्यासारखं होईल. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. मग येतं यू दाओ, सर्वांत जुनी वसाहत. तिथल्या नगराध्यक्षाची मुलगी कोरी. बाप फायर नेशनचा, आई अर्थ किंगडमची, आणि स्वतः कोरी मातीची बेंडर. तिला कुठे परत पाठवणार?

भारतीय वाचकाला इथे १९४७ आठवल्याशिवाय राहणार नाही. मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवावी. १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यांच्यामागून माणसं गेली, आणि त्यांचे वंशज साडेतीनशे वर्षांनंतरही तिथे आहेत, घरात आपली वेगळी मराठी बोलतात, बाहेर तमिळ. गेले ते सत्तेबरोबर हे खरं, पण आज त्यांना कुणी आपल्या गावी जा म्हणालं तर ते गाव कोणतं? यू दाओ नेमक्या याच जागी बोट ठेवतं. अन्यायातून जन्मलेली वस्तीसुद्धा काही पिढ्यांनी कुणाचं तरी घर होते. शंभर वर्षांच्या संहाराचा नायनाट व्हावा म्हणून ६१ भाग जीव टांगणीला लावून बसलेल्या चाहत्याला हे पचवणं सोपं नव्हतं, आणि मला वाटतं, म्हणूनच ते लिहिणं गरजेचं होतं.

यातली सगळ्यांत धीट गोष्ट ही की परतपाठवणीचा हट्ट धरणारा माणूस दुसरा तिसरा कुणी नसून आंग आहे. ज्याची जमात पुसली गेली, त्यालाच चार राष्ट्रं अलग आणि निर्मळ हवी आहेत. काही मुली त्याच्या चाहत्या. त्या त्याच्या जमातीसारखे, म्हणजे एअर नोमॅडसारखे कपडे घालतात, कपाळावर बाण काढतात. आंग आधी हरखतो, आणि ते बाण पाहून भडकतो. त्याच्या लोकांत ती खूण साधनेने कमवावी लागत असे. त्याचा राग खोटा नाही. पण त्या मुलींनी जपलं नाही तर आंगनंतर त्या संस्कृतीला विचारणारं तरी कोण उरणार? हे त्याला उमगतं तेव्हा तो वसाहतींबद्दलही नव्याने विचार करायला लागतो. दोन धागे असे एकमेकांत गुंफायला लेखकाजवळ खरी जाण लागते.

झुकोकडचं एक प्रकरण मी पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. राज्य चालवताना गोंधळलेला झुको, कुणाला न सांगता, बापाच्या कोठडीबाहेर चहा घेऊन बसतो. ओझाई त्याला लहानपणची एक आठवण सांगतो. समुद्रकाठी एका बहिरी ससाण्याने कासवासारख्या खेकड्याचं पिल्लू पकडलं होतं. छोट्या झुकोने ते सोडवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता पक्षी उपाशी राहील. तो तसाच पिल्लू हातात धरून उभा राहिला, कुणाची बाजू घ्यावी ते कळेना, आणि लाट आली. बापाने यातून काढलेला धडा भयंकर आहे: राजा ठरवील तेच बरोबर, तराजू वगैरे काही नसतो. गुरिहिरुंनी ही आठवण रंग उतरवून, अगदी थोड्या शब्दांत काढली आहे. त्या मुलाच्या दोन्ही बाजूंना पाहणाऱ्या डोळ्यांत पुढचा सगळा झुको आहे. हा प्रसंग पडद्यावर आला असता तर संगीताने आपल्याला काय वाटून घ्यायचं ते सुचवलं असतं. पानावर आपण त्या चौकटीशी एकटे उरतो.

त्या वेळी चाहते कुरकुरले ते वेगळ्याच गोष्टींवरून. आंग आणि कटारा एकमेकांना सारखे ‘स्वीटी’ म्हणतात, ते बहुतेकांना खटकलं, मलाही खटकलं. मालिकेतली ती दोघं इतकी गुळमुळीत कधीच नव्हती. झुको पुन्हा डळमळतो, तीन पर्वांची मेहनत वाया गेली, असाही सूर होता. हा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, रात्री झोप नाही, महालात मारेकरी शिरतात, प्रजेतले निम्मे लोक त्याला गद्दार समजतात. अशा मुलाने न डळमळता राज्य केलं असतं तर ती थापच झाली असती. माझी खरी तक्रार शेवटाविषयी आहे. तिसऱ्या भागात दोन फौजा समोरासमोर येतात आणि इतका गुंतागुंतीचा प्रश्न थोडक्या पानांत उरकतो. पण आंग आपलाच पूर्वजन्म असलेल्या रोकूशी नातं तोडतो, त्याची आठवण म्हणून जपलेली वस्तू जाळतो, तो क्षण या घाईतही उभा राहतो. रोकू हा झुकोचाच पणजोबा, आणि झुको बापासारखा झाला तर त्याला मारीन, या आंगने झुकोला दिलेल्या वचनाची आठवण तोच करून देत असतो. जुन्या पिढीचं शहाणपण कुठे थांबवायचं, हे या मुलाला स्वतः ठरवावं लागतं.

२०१३ मध्ये ‘द सर्च’ आलं. आई सापडणार होती. पहिला भाग संपतो तो एका पत्रावर. त्यात आई उर्साने लिहिलेलं, झुको हा ओझाईचा मुलगाच नाही. मार्चपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चाहते या एका पत्रावर भांडत होते, आणि ज्यांचं मन झुकोमध्ये गुंतलं होतं त्यांना भीती होती की त्याचा सगळा झगडाच आता निकालात निघेल. जो अत्याचारी बाप आपला नाहीच, त्याच्यापासून सुटणं सोपं. यांग यांनी ती सोपी वाट घेतली नाही. पत्र खोटं निघतं. ओझाई आपली पत्रं चोरून वाचतो का हे पाहण्यासाठी उर्साने ते लिहिलेलं असतं. इथपर्यंत लेखक गोष्टीशी प्रामाणिक आहे.

अडचण आईच्या उत्तराची. उर्सा हद्दपार होऊन आपल्या गावी जाते, तिथे जुना प्रियकर इकेम भेटतो, आणि चेहरे देणाऱ्या एका देवतेकडून ती नवा चेहरा मागते. त्याबरोबर ती आपल्या स्मृतीही पुसून घेते, म्हणजे मुलंही पुसली जातात. दुःख असह्य झालं म्हणून आईने मुलांना विसरायचं ठरवलं, हे अनेक चाहत्यांना सहन झालं नाही. मला ते अशक्य वाटत नाही. छळ सोसलेली बाई असं करू शकते. माझी तक्रार अशी की हा निर्णय पानांवर पुरेसा जगला जात नाही. देवतेचे नियम, चेहरा हरवलेला भाऊ, जंगलातले प्राणी, यांत इतकी जागा जाते की उर्सा त्या निर्णयाच्या आदल्या रात्री काय करत होती हे आपल्याला दिसतच नाही. वर्षानुवर्षं छळलेल्या प्रश्नाचं उत्तर जादूच्या एका वरात मिळालं की मन रितं राहतं.

तरीही याच पुस्तकात या साऱ्या मालिकेतलं सगळ्यांत सुंदर पान आहे. झुकोची बहीण अझुला, भ्रमात आईशी भांडत आलेली, खऱ्या आईवर चालून जाते. समोरच्या बाईला ही मुलगी कोण ते आठवत नाही. तरी ती म्हणते की तू सांगतेस ते खरं असेल तर तुझ्यावर पुरेसं प्रेम केलं नाही याची मला क्षमा कर. न आठवणाऱ्या अपराधाची ही क्षमायाचना अझुलाला सोसवत नाही, आणि ती पळून जाते. चित्रात अझुलाचा चेहरा क्षणभर लहान मुलीचा होतो. या चौकटीसाठी मी पुस्तकाचे बाकीचे दोष माफ करतो, आणि याच चौकटीमुळे अझुलाच्या बाबतीत पुढे झालेली हेळसांडही अधिक बोचते. तिचा आजार बहुतेक ठिकाणी कथेला धक्का द्यायचं साधन म्हणूनच वापरला गेला.

पडद्यावरून पानावर येताना काय हरवतं, तेही इथेच पाहिलं पाहिजे. मालिकेतलं बेंडिंग शोभेचं नव्हतं. सिफू किसू यांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्येक तत्त्वाला खरी युद्धकला दिलेली होती: पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, आगीला उत्तर शाओलिन, वाऱ्याला बाग्वाझांग. कटाराचं पाणी वळताना तिचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना दिसायचं. पुस्तकात आपल्याला पवित्रा दिसतो आणि परिणाम दिसतो, मधली वळणं वाचणाऱ्याने आठवणीतून भरायची. जेरेमी झुकरमन यांचं संगीतही गेलं. आवाज तर वाचक स्वतःच सोबत घेऊन येतो; आयरोहचा संवाद वाचताना माझ्या कानात माकोंचाच खर्ज असतो, जरी माको २००६ मध्येच वारले आणि तिसऱ्या पर्वात ग्रेग बाल्डविन बोलले. म्हणून कुणी आधी मालिका न पाहता ही पुस्तकं हातात घेतली, तर त्याला ती बेताचीच वाटतील, आणि त्यात त्याचा दोष नाही. ही पुस्तकं जुन्या वाड्याला काढलेल्या पडवीसारखी आहेत. वाडा पाहिला नसेल तर पडवी इथेच का, हे कळत नाही.

पुढची त्रिखंडं थोडक्यात. ‘द रिफ्ट’मध्ये (२०१४) आंगला पूर्वजांचा सण पाळायचाय आणि त्या पवित्र जागी कारखाना उभा आहे, त्याची मैत्रीण टॉफ मात्र परंपरेच्या नावानेच वैतागते, कारण घरच्या परंपरेने तिला कोंडून ठेवलं होतं. दोघांचं भांडण उत्तम, त्यानंतर येणारा राक्षसी आत्मा अनावश्यक. ‘स्मोक अँड शॅडो’ कटकारस्थानांत अडकतं, पण उर्सा तुरुंगात जाऊन ओझाईसमोर न घाबरता उभी राहते ते पान चुकवू नये. ‘द सर्च’मध्ये जे राहून गेलं होतं त्याचा बराचसा हिशेब तिथे चुकता होतो.

‘नॉर्थ अँड साउथ’ला चाहत्यांनी दिली त्याहून जास्त दाद मिळायला हवी होती. कटारा आणि सोक्का दक्षिण ध्रुवावर घरी परततात, तर त्यांचं बर्फाचं गाव ओळखू येत नाही. उत्तरेची सधन माणसं मदतीला आली आहेत, इमारती उभ्या राहिल्यात, जमिनीखाली तेल सापडलंय. सोक्का खूश, कटारा अस्वस्थ. वडील उत्तरेतल्या एका बाईच्या प्रेमात पडलेत, हा तिला आणखी एक घाव. विकासाला विरोध करणारा गिलाक हिंसेवर उतरतो, पण त्याचा मूळ प्रश्न खोटा नाही. मदत करणारा आपलं गाव आपल्यापासून हिरावून घेतो का? कोकणात किंवा गोव्यात ज्याने आपली वाडी बदलताना पाहिली आहे, त्याला कटाराचं ते घुसमटणं समजावून सांगावं लागणार नाही.

२०१८ मध्ये ‘इम्बॅलन्स’पासून लेखणी फेथ एरिन हिक्स यांच्याकडे आणि कुंचला पीटर वॉर्टमन यांच्याकडे गेला. गुरिहिरुंची गोल, स्वच्छ रेघ जाऊन मोकळी, थोडी खरबरीत रेघ आली. पात्रं पहिल्यासारखी दिसत नाहीत, अशी ओरड झाली. मला हिक्स यांचं बळ छोट्या गोष्टींत दिसतं. एकाच खंडात संपणारी ‘सुकी, अलोन’ (२०२१) ही तुरुंगातली कथा मालिकेच्या मधल्या एका कोपऱ्यात शिरते, आणि मालिकेला वेळ नव्हता म्हणून कडेला राहिलेल्या मुलीला पुरतं माणूस करते. गोष्ट पुढे रेटण्यापेक्षा अशी आत खोदली, तर ग्राफिक नॉव्हेलला ते जास्त मानवतं.

पडद्याला जे जमलं नाही ते पानाला जमल्याचं उदाहरण पुढच्या मालिकेत आहे. ‘द लेजंड ऑफ कोरा’ डिसेंबर २०१४ मध्ये संपली ती नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घेऊन उभ्या राहतात तिथे. वाहिनीच्या मर्यादांमुळे त्याहून पुढे जाता आलं नाही. २०१७ मध्ये ‘टर्फ वॉर्स’ आलं, स्वतः डिमार्टिनोंनी लिहिलेलं, आयरीन को यांनी चितारलेलं. त्यात दोघी उघडपणे प्रेमात आहेत, घरच्यांना सांगतात, वडील काळजीने जपून राहायला सांगतात तेव्हा कोरा दुखावते. कथेतली टोळीयुद्धं साधारण आहेत. पण ज्या मुलींनी तो हातात हात पाहून वर्षानुवर्षं आपण पाहिलं ते खरंच तेच होतं ना, असं स्वतःला विचारलं होतं, त्यांना या पुस्तकाने स्पष्ट शब्दांत हो म्हटलं.

सगळ्यांच्या नशिबी असं येत नाही. ‘सामुराई जॅक’ची गोष्ट २०१३ पासून जिम झब आणि अँडी सुरियानो यांनी आयडीडब्ल्यूच्या अंकांतून सुंदर पुढे नेली; २०१७ मध्ये मालिका पडद्यावर परतली आणि त्या अंकांकडे वळूनही न पाहता आपल्या वाटेने गेली. ‘गार्गॉइल्स’चं उलटं झालं. तिचे कर्ते ग्रेग वाइझमन यांनी २००६ मध्ये कॉमिक सुरू केलं आणि त्यांच्या हातातून निसटलेलं तिसरं पर्व जवळपास बाजूला ठेवून गोष्ट आपल्या मनाप्रमाणे पुढे नेली. तिथे चाहत्यांनी पडद्यापेक्षा कागदाला खरं मानलं. म्हणजे अधिकृत शिक्का कुणी मारला यापेक्षा जास्त फरक पडतो तो गोष्टीचा गाभा कुणाला ठाऊक आहे याने.

पडदा खरा की कागद, हा प्रश्न ‘अवतार’च्या बाबतीत आता तातडीचा झालाय. २०२१ मध्ये अवतार स्टुडिओज स्थापन झाला, आणि मोठ्या वयाच्या आंगचा अॅनिमेशनपट त्यांनी हाती घेतला. त्यात यू दाओ असेल का? कोरी असेल का? नसले तरी ‘द प्रॉमिस’ रद्द होत नाही, असं मी मानतो. पण अझुलाचं काय होणार याची मला खरी काळजी आहे. २०२३ च्या ‘अझुला इन द स्पिरिट टेंपल’मध्ये हिक्स यांनी तिला स्वतःसमोर उभं केलं, आणि तिने बदलायला नकार दिला. तो नकार एका छोट्या खंडात मावला. त्यानंतरची तिची वाट दाखवायला तीन भाग लागतील, आणि ते लिहिणाऱ्याने तिला शत्रूही करू नये आणि चटकन चांगलीही करू नये.

नव्याने वाचायला घेणाऱ्याने मालिका आधी पूर्ण पाहावी. मग ‘द प्रॉमिस’ तिन्ही भाग सलग वाचावे, सुटे नकोत. जमलं तर जाड पुठ्ठ्याची एकत्रित आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात पानापानाला लेखक आणि चित्रकर्तींच्या टिपा आहेत आणि कोणती चौकट का बदलली ते त्यांतून कळतं. ‘द सर्च’ त्यानंतर लगेच. ‘स्मोक अँड शॅडो’ घाईत उरकलं तरी चालेल. ‘नॉर्थ अँड साउथ’ मात्र सावकाश.